हुकूम पोचला, पुढे काय झाले?

हुकूम देणे ही एक गोष्ट, हुकूम पोचणे ही दुसरी, आणि हुकुमाप्रमाणे काम होणे ही तिसरी. ह्या तिन्हींतला फरक कोणत्याही खात्यातल्या मुकादमास ठाऊक असतो. यंत्रे बांधणाऱ्यांना मात्र तो नीट उमगावयास फार काळ लागला, आणि मधल्या काळात त्याची किंमत माणसांनी मोजली. आजचा विषय नावाने रुक्ष आहे: वीज पुरविणाऱ्या उपकरणास दुरून द्यावयाच्या आज्ञा आणि त्या उपकरणाच्या पोटातील स्थितीच्या नोंदवह्या. पण श्रोत्यांनी घाबरून जाऊ नये. मी शाळेत शिकलेला इंजिनियर नाही. जे शिकलो ते कामगारांच्या संगतीत आणि रात्री पुस्तके चाळून शिकलो. तेव्हा जे मला समजले ते कोणासही समजेल.

प्रथम हे उपकरण काय ते पाहू. भिंतीतल्या प्लगातून येणारी वीज आहे तशी रेडिओच्या, टेलिफोनच्या किंवा संगणकाच्या नाजूक भागांना चालत नाही. तिला सरळ व स्थिर करून, पाच व्होल्ट म्हणजे पाचच व्होल्ट अशा मोजक्या मापाने द्यावी लागते. हे काम करणाऱ्या पेटीस पॉवर सप्लाय म्हणतात. इलेक्ट्रॉनिक माल बनविणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या प्रत्येक टेबलावर ती असते. पूर्वी ह्या पेटीची घुंडी माणूस हाताने फिरवी आणि समोरच्या काट्याकडे डोळ्यांनी पाही. हात हुकूम देई, डोळा हकीकत आणी. दोन्ही एकाच माणसाचे असल्यामुळे हुकूम व हकीकत ह्यांत फारकत पडण्याचा प्रश्नच नव्हता. ही फारकत पडली ती हुकूम देणारा दूर जाऊन बसला तेव्हा.

दुरून हुकूम देण्याची पहिली मोठी शाळा म्हणजे रेल्वे. सिग्नलची केबिन एकीकडे आणि सिग्नलचा खांब शेकडो यार्डांवर. मधे लोखंडी तार. केबिनमधला माणूस दांडा ओढी आणि तिकडे खांबावरचा हात हले. आता २१ जानेवारी १८७६ ची संध्याकाळ पाहा. इंग्लंडमध्ये हंटिंग्डनच्या उत्तरेस ॲबट्स रिप्टन ह्या गावी बर्फाचे वादळ चालले होते. कोळशाची एक मालगाडी बाजूला घेण्याचे काम चालू होते आणि मागून एक्सप्रेस येत होती. सिग्नलवाल्यांनी आपले दांडे धोक्याच्या बाजूस टाकले होते. पण तारांवर आणि सिग्नलच्या हातांवर बर्फ गोठून बसला होता. दांडा धोका सांगत होता आणि खांबावरचा हात 'या' म्हणून सांगत होता. एक्सप्रेस कोळशाच्या गाडीवर आदळली आणि थोड्याच वेळाने समोरून आलेली दुसरी एक्सप्रेस त्या ढिगाऱ्यात शिरली.

ह्या अपघाताचे मर्म नीट ध्यानात घ्यावे. सिग्नलवाल्याने आपले कर्तव्य केले होते. त्याच्यापुढे जो दांडा होता तो त्याच्या स्वतःच्याच हुकुमाची आठवण होता, खांबावरच्या स्थितीची बातमी नव्हे. त्या काळी त्या मार्गावरचे सिग्नल एरवी 'या' ह्याच स्थितीत ठेवीत, आणि गरज पडली तरच धोक्यावर टाकीत. अपघातानंतर ही रीत उलटी झाली. सिग्नल एरवी धोक्यावर असावा, काही बिघडले तर तो धोक्याकडेच झुकावा, असे तत्त्व रुजले. पुढे दृष्टीआडच्या सिग्नलसाठी केबिनमध्ये एक छोटी विजेची प्रतिकृतीही बसविण्यात येऊ लागली. तिचा संबंध दांड्याशी नसून खांबावरच्या प्रत्यक्ष हाताशी असे. हुकूम ज्या वाटेने जातो त्याच वाटेची हकीकत खरी मानू नये, हा धडा रेल्वेने असा रक्त सांडून घेतला.

पॉवर सप्लायच्या धंद्यात दूरचा हुकूम आला तो आधी साध्या तारांनी आला. पेटीच्या पाठीमागे दोन टोके ठेवीत आणि त्यांस बाहेरून एक रोध जोडीत. रोध जितका मोठा तितके व्होल्ट अधिक. घुंडी जणू पेटीबाहेर काढून दूर नेली. परंतु ह्यात एक मेख होती. जोडणीची तार मधेच तुटली, तर तुटलेली तार म्हणजे अमर्याद रोध. मग पेटी समजे की मालकाने सर्वांत मोठा हुकूम दिला, आणि व्होल्टेज वर चढून पुढचा माल जळून जाई. ह्यास्तव अशा पेट्यांत जास्त व्होल्टेज होताच वीज तोडणारे संरक्षण बसविणे भाग पडे. पेटी हुकूम घेई, पण 'मला हे बरोबर दिसत नाही' असे सांगावयास तिला तोंड नव्हते. ती निमूटपणे चढे किंवा निमूटपणे बंद पडे.

तिला तोंड मिळाले ते पुढच्या पिढीत. अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड ह्या मापनयंत्रे बनविणाऱ्या कंपनीने आपली उपकरणे एकमेकांस जोडण्यासाठी एक सामाईक तारमार्ग बनविला, आणि तेथील विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने १९७५ साली त्यास प्रमाण म्हणून मान्यता दिली. त्याचे नाव आय-ई-ई-ई ४८८. ह्या केबलीत कामाच्या १६ तारा असतात: ८ माहितीच्या, ३ देवाणघेवाणीच्या आणि ५ व्यवस्थेच्या. एका मार्गावर १५ उपकरणे जोडता येतात आणि एकूण केबल २० मीटरपर्यंत चालते. कोणी बोलणारा, कोणी ऐकणारे आणि एक नियंत्रक, अशी सभेची रचना असते. एका वेळी एकच बोलतो. ऐकणारे पुष्कळ असू शकतात.

ह्या सभेचा एक नियम माझ्यासारख्या युनियनच्या माणसास फार आवडतो. देवाणघेवाणीच्या ३ तारांपैकी एक सांगते की 'माहिती ठेवली आहे'. दुसरी सांगते की 'अजून तयारी नाही'. तिसरी सांगते की 'अजून घेतलेली नाही'. ह्यांतील शेवटच्या दोन तारा सर्व ऐकणाऱ्यांच्या सामाईक असतात, आणि एक जरी ऐकणारा तयार नसेल तरी तार अडून राहते. म्हणजे सर्वांत सावकाश ऐकणाऱ्याने अक्षर घेतल्याशिवाय पुढचे अक्षर निघत नाही. सर्वांत मागे असलेल्याच्या पावलाने सगळ्यांनी चालावयाचे. कारखान्यात हे तत्त्व मागितले तर आम्हांस आळशांचे कैवारी म्हणतात. यंत्रांच्या सभेत मात्र अभियंत्यांनी ते स्वतःहून घातले, कारण त्याविना माहिती गळते हे त्यांस दिसत होते.

व्यवस्थेच्या ५ तारांत एक तार अशी आहे की ती कोणतेही उपकरण खाली ओढू शकते. तिचा अर्थ 'माझ्याकडे पाहा' असा होतो. अभियंते तीस सेवेची मागणी म्हणतात. मागणी आली की नियंत्रक एकेका उपकरणास विचारतो, आणि प्रत्येक उपकरण आठ घरांचे एक उत्तर देते. प्रत्येक घरात शून्य किंवा एक. घरांच्या किंमती १, २, ४, ८ अशा दुपटीने चढत १२८ पर्यंत जातात. ६४ किंमतीच्या घरात एक असेल तर हात वर करणारा हाच असे समजावयाचे. येथे पेटी केवळ हुकमाची ताबेदार राहिली नाही. न विचारता बोलण्याचा हक्क तिला मिळाला.

परंतु तोंड असणे आणि खरे बोलणे ह्यांतही अंतर आहे. ते जगास दाखविले २८ मार्च १९७९ च्या पहाटेने. अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात हॅरिसबर्गजवळ थ्री माइल आयलंड नावाचे अणुविद्युत् केंद्र होते. त्याच्या दुसऱ्या अणुभट्टीत पहाटे ४ वाजता पाण्याचे पंप बंद पडले. दाब वाढला, आणि तो सोडण्यासाठीचा एक व्हॉल्व्ह ठरल्याप्रमाणे आपोआप उघडला. दाब उतरल्यावर तो मिटावयाचा होता. मिटण्याचा हुकूम गेला. व्हॉल्व्ह मात्र उघडाच अडकून राहिला.

नियंत्रणकक्षात त्या व्हॉल्व्हचा एक दिवा होता. हुकुमाची वीज गेली की दिवा मालवे. व्हॉल्व्ह प्रत्यक्षात मिटला की नाही ह्याच्याशी त्याचा काहीही संबंध नव्हता. ॲबट्स रिप्टनच्या दांड्यासारखा तोही हुकुमाचीच आठवण होता. दिवा मालवलेला पाहून पाळीवरच्या माणसांनी व्हॉल्व्ह मिटला असे मानले. भट्टीतले पाणी निसटत राहिले. पाण्याची पातळी वर दिसत असल्यामुळे आपत्कालीन पाण्याचा ओघही त्यांनी कमी केला. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक धोक्याच्या सूचना एकदम खणखणू लागल्या, आणि त्या छापणारे यंत्र तासाहून अधिक मागे पडले. त्या मार्गावरचा दुसरा व्हॉल्व्ह बंद केला गेला तेव्हा सकाळचे ६ वाजून गेले होते. तोवर फार उशीर झाला होता. भट्टीच्या गाभ्याचा सुमारे निम्मा भाग वितळला, हे पुढे आढळले.

अध्यक्ष कार्टर ह्यांनी चौकशीसाठी आयोग नेमला. त्याचे प्रमुख जॉन केमेनी हे गणिती होते. त्यांनी व टॉमस कर्ट्झ ह्यांनी १९६४ साली बेसिक ही संगणकाची सोपी भाषा केली होती. योगायोग असा की ह्याच भाषेच्या एका रूपात पुढे १९८० साली आलेल्या ह्यूलेट-पॅकार्डच्या एचपी-८५ ह्या छोट्या संगणकावरून आपल्या पॉवर सप्लायसारखी उपकरणे चालविली गेली. आयोगाचा अहवाल ऑक्टोबर १९७९ मध्ये आला. पाळीवरच्या माणसांकडून चुकीची कृती झाली, हे अहवालाने लपविले नाही. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. शिक्षण अपुरे, लेखी सूचना गोंधळाच्या, नियंत्रणकक्षाची मांडणी सदोष, आणि आधीच्या प्रसंगातून धडा घेतलेला नाही, असे त्याने स्पष्ट म्हटले. सप्टेंबर १९७७ मध्ये ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी केंद्रात अशाच जातीचा व्हॉल्व्ह असाच उघडा अडकला होता. ती हकीकत ह्या पाळीच्या माणसांपर्यंत पोचविण्यातच आली नव्हती.

अपघात झाला की प्रथम पाळीवरच्या माणसाचे नाव लिहावयाचे आणि फाइल मिटावयाची, ही रीत आपल्याकडेही पुष्कळ चालते. माझ्या आयुष्यातली कितीतरी वर्षे अशा फाइली पुन्हा उघडविण्यात गेली आहेत. म्हणून हा अहवाल मला मोलाचा वाटतो. ज्या माणसास खोटा दिवा दाखविला, त्याला 'तू का पाहिले नाहीस' असे विचारण्याचा अधिकार दिवा बसविणाऱ्यास नसतो.

आता पुन्हा पॉवर सप्लायकडे येऊ. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी प्रत्यक्ष संबंध होता असे माझे म्हणणे नाही. पण धडा एकच होता. १९८७ साली त्या तारमार्गाच्या प्रमाणाचा दुसरा भाग निघाला आणि उपकरणांनी काय बोलावे व आपली स्थिती कशी कळवावी हे त्यात ठरले. १९९० साली निरनिराळ्या कंपन्यांनी मिळून त्यावर स्किपी नावाची सामाईक आज्ञाभाषा रचली. तोवर प्रत्येक कंपनीची बोली निराळी होती. आता 'तू कोण' हा प्रश्न, 'मूळ स्थितीस ये' ही आज्ञा, 'काम पुरे झाले का' ही विचारणा सर्वांना सारखी झाली.

ह्या भाषेतली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पेटीस १२ व्होल्टचा हुकूम द्या. मग 'व्होल्ट किती' असे विचारा. ती १२ असे उत्तर देईल, कारण ह्या प्रश्नाचा अर्थ 'तुला हुकूम किती आहे' एवढाच आहे. 'मोजून सांग' असा निराळा प्रश्न केला, म्हणजे ती आपल्या टोकांवर प्रत्यक्ष मोजते. समजा पेटीस २ अँपियरची मर्यादा घातली आहे आणि पुढचा माल अधिक ओढू पाहतो. मग पेटी प्रवाह २ वर धरून ठेवते आणि व्होल्टेज खाली येऊ देते. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर १२ आणि दुसऱ्याचे कदाचित ७. दोन्ही उत्तरे खरीच. मात्र पहिले ऐकून जो स्वस्थ बसला, तो पेन्सिल्व्हेनियाच्या त्या मालवलेल्या दिव्याकडे पाहत बसला असे समजावे.

नोंदवह्यांचेही तसेच. घटनांची जी प्रमाण नोंदवही ठरली, तिच्या आठ घरांत निरनिराळ्या चुकांना निरनिराळी जागा आहे. हुकुमाची भाषाच समजली नाही, तर ३२ चे घर. भाषा समजली पण पाळणे शक्य नाही, तर १६ चे घर. आपल्याकडच्या कित्येक साहेबांना ह्या दोन गोष्टींतला फरक अजून उमगलेला नाही. काम न झाल्यास ते एकच शब्द वापरतात: बेशिस्त. ह्याच वहीत ६४ चे एक घर माणसासाठी राखलेले आहे. उपकरणासमोर उभ्या असलेल्या माणसाने लक्ष वेधण्यासाठी बटण दाबले, तर त्याची नोंद तेथे होते. सगळे काम दुरून चालणार असे गृहीत धरून रचलेल्या ह्या व्यवस्थेतही समोर उभ्या असलेल्या माणसाची आठवण कोणीतरी ठेवली होती.

स्किपीच्या नोंदवह्यांना तीन पदर असतात. पहिला पदर ह्या घटकेची स्थिती सांगतो, हजेरीपुस्तकासारखा. दुसरा पदर मधल्या वेळात काय घडून गेले ते धरून ठेवतो, अपघातांच्या वहीसारखा. व्होल्टेज क्षणभर बिघडून पुन्हा सुधारले तरी ती खूण वाचेपर्यंत तेथेच राहते. तिसरा पदर ठरवितो की कोणत्या घटनेची वर्दी वर जावी आणि कोणत्या घटनेची जाऊ नये. हा तिसरा पदर हुकूम देणाऱ्याच्या हाती असतो. तो सगळ्या वर्द्या बंद करू शकतो. मग कितीही तापले, कितीही चढले, तरी वर शांतता. येथे व्यवस्थेने एक सचोटी पाळली आहे. वर्दी बंद केली तरी नोंद बंद होत नाही. आणि वही पुसण्याची आज्ञा दिली तरी पहिला पदर पुसला जात नाही, कारण तो प्रत्यक्ष स्थितीलाच बांधलेला आहे. वही कोरी केल्याने आग विझत नाही, एवढे शहाणपण त्या रचनेत आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. घटनांची वही वाचली की ती वाचताक्षणी कोरी होते. पहिला वाचणारा पुरावा घेऊन जातो, दुसऱ्यास काहीच दिसत नाही. म्हणून जो वाचील त्याने लिहून ठेविले पाहिजे. चुकांची यादी भरून गेली तर शेवटच्या जागी 'यादी ओसंडली' अशी खूण होते, तिचा क्रमांक उणे ३५०. पुढच्या चुका हरवतात, पण हरवल्याची कबुली तरी राहते.

शेवटी एका शब्दाविषयी. आमच्या चळवळीत लॉकआउट म्हणजे टाळेबंदी. मालक दाराला कुलूप लावतो आणि कामगार बाहेर. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात त्याची व्याख्या होती. ह्या तारमार्गावरही 'लोकल लॉकआउट' नावाची आज्ञा आहे. ती दिली की पेटीच्या तोंडावरची बटणे समोरच्या माणसाचे ऐकेनाशी होतात. हीही टाळेबंदीच, फक्त ती हातांची आहे. आणि तिसरा अर्थ सुरक्षिततेचा. यंत्रात हात घालणाऱ्या कामगाराने मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप लावावयाचे आणि किल्ली खिशात ठेवावयाची, असा नियम अमेरिकेत १९८९ साली झाला. एकच शब्द, पण किल्ली कोणाच्या खिशात ह्यावर त्याचा अर्थ फिरतो.

हे सर्व तपासणीच्या टेबलापुरते आहे असे कोणी समजू नये. आपल्या गावातला लाइनमन खांबावर चढतो तेव्हा त्याच्याजवळ परमिट असते, म्हणजे वीज बंद केल्याचा हुकूम असतो. खालचा स्विचचा दांडा ओढलेला असतो. पण वरच्या तीन पात्यांपैकी एक पाते अडकून राहू शकते. एखाद्याच्या घरातल्या जनरेटरची वीज उलटी तारेत येऊ शकते. म्हणूनच जुना जाणता लाइनमन आधी तपासतो, मग तारांना अर्थिंग करतो, आणि नंतरच हात लावतो. परमिट हे 'हुकूम किती' ह्याचे उत्तर आहे. तपासणी हे 'मोजून सांग' ह्याचे उत्तर आहे. घाई करणारा वरिष्ठ जेव्हा म्हणतो, 'परमिट आहे ना, मग चढ', तेव्हा तो दीडशे वर्षांचा इतिहास पुसून टाकीत असतो.

म्हणून जेथे जेथे दुरून हुकूम चालतो, तेथे कामगारांनी आणि नागरिकांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. हुकुमाची आठवण नव्हे, तर प्रत्यक्ष मोजलेली स्थिती दाखविली जावी. कोणत्या वर्द्या वर जाऊ नयेत हे कोणी ठरविले, ते लिहून ठेवलेले असावे. आणि ज्याचा जीव यंत्राजवळ आहे, त्याच्या खिशात किल्ली असावी. ह्यात क्रांतीची भाषा नाही. पॉवर सप्लायसारख्या मुक्या पेटीस अभियंत्यांनी जेवढे देऊ केले, त्याहून कमी माणसाने घेऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.